आठ जाती

जनावरांच्या दवाखान्यात तो एकोणीस वर्षं कामाला होता आणि एकोणीस वर्षं हंगामीच होता. त्याचं खरं नाव हजेरीपटावर होतं, कुणाच्या तोंडात नव्हतं. आलेल्या प्रत्येक डॉक्टरनं त्याला दिवसातून शंभर वेळा एकच शब्द सांगितला होता, "धरा!" शिंगं धरा, शेपूट धरा, जीभ धरा, बाटली धरा. ऐकून ऐकून लोक त्याला धराभाऊ म्हणायला लागले आणि पुढे पुढे बायकोच्याही तोंडून तेच निघायला लागलं.

हुकूम आला तो ऐन उन्हाळ्यात. लाळ-खुरकुताची साथ चालू होती. दवाखान्याच्या अंगणात सकाळपासून जनावरांची रांग लागायची. तोंडातून लाळेच्या तारा, खुरांत जखमा, वर माशांचा घोंघाट. धराभाऊ एका बैलाची जीभ डाव्या मुठीत धरून उजव्या हाताने तुरटीच्या पाण्याचा बोळा फिरवत होता. डॉक्टरीणबाई कागद घेऊन पायरीवर आल्या.

"धराभाऊ, तुम्हाला परीक्षा द्यावी लागणार."

"कसली हो?"

"लेखी. दोन पेपर. एक जनावरांची निगा आणि एक इंग्रजी व्याकरण. औषधांच्या बाटल्यांवरचं, वहीतलं सगळं इंग्रजीत असतं ना, म्हणून. जे हंगामी आहेत त्या सगळ्यांना. पास झालात तर कायम."

"आणि नाही झालो तर?"

बाईंनी कागदाची घडी घातली. मग ती उलगडली. मग पुन्हा घातली. "महिन्याने परीक्षा आहे," त्या म्हणाल्या.

बैलानं जीभ हिसडली आणि धराभाऊच्या मनगटापासून कोपरापर्यंत लाळ ओघळली. त्याला वाईट वाटण्यापेक्षा राग आला. निगेच्या पेपरची त्याला काडीची काळजी नव्हती. पण इंग्रजी? शाळेत तो सातवीपर्यंत गेला होता आणि त्यातली निम्मी वर्षं गुरांमागे. इंग्रजी अक्षरं ओळखता यायची, बाटल्यांची नावं रंगावरून आणि वासावरून पाठ होती. एकोणीस वर्षांत बाटली एकदाही चुकली नव्हती.

घरी त्याने जेवताना सांगितलं. मुलगा दुधाची गाडी चालवायचा. तो हसला. "बाबा, तुम्ही आणि इंग्रजी! गाय काय थँक्यू म्हणणार आहे का?" बायकोनं भांडी जरा जास्तच आपटली. शिलाई मशीनच्या मागून सून म्हणाली, "मी शिकवते."

ती घरात येऊन दोन वर्षं झाली होती. सासरे-सुनेचं बोलणं म्हणजे "मामंजी, चहा ठेवलाय" आणि "हं" एवढंच. ती बारावी झाली होती, मास्तरीण व्हायचं म्हणत होती, एवढं त्याने लग्न ठरवताना ऐकलं होतं आणि विसरूनही गेला होता. तिने पेटीच्या तळाशी कापडात गुंडाळलेलं व्याकरणाचं पुस्तक काढलं, तेव्हा त्याला जरा चोरट्यासारखं झालं.

शिकवणी पहाटे उजाडता उजाडता, कामाला जायच्या आधी. ती मशीनच्या स्टुलावर, तो खाली भिंतीला टेकून, मांडीवर वही.

"इंग्रजीत शब्दांच्या आठ जाती असतात," तिने सुरुवात केली.

आतून सासूबाईंचा आवाज आला, "अगं बाई, त्यांच्यातही जाती?"

"हो आत्याबाई. पण कामावरून ठरतात, जन्मावरून नाही."

"मग बरंय त्यांचं," सासूबाई म्हणाल्या आणि चुलीत फुंकर मारली.

पहिले चार दिवस बरे गेले. नाउन म्हणजे नाव. काउ, मिल्क, वॉटर, रोप. धराभाऊनं दीडशे नाउन पाठ केले. अंगणात जनावर खोड्यात अडकवताना तो पुटपुटायचा, काउ नाउन, रोप नाउन, बकेट नाउन. पाचव्या दिवशी सुनेनं वहीत एक ओळ लिहून दिली. आय वॉटर द काउ.

"यात वॉटर कोण?"

"नाउन," धराभाऊ फटकन म्हणाला.

"व्हर्ब. मी गाईला पाणी पाजतो. पाजणं हे काम आहे, म्हणून ते क्रियापद."

"काल तर नाउन म्हणालीस!"

"काल नाउन होतं."

"मग रात्रीत काय झालं त्याला?"

सुनेनं डोळे मिटले आणि उघडले. "मामंजी, शब्द तोच. काम बदललं. आता तुमचंच बघा. 'धरा' हे क्रियापद आहे. पण लोक म्हणतात, धराभाऊ आला. तिथे ते नाव झालं की नाही?"

"ते लोकांचं चुकतं," धराभाऊ म्हणाला. "म्हणून व्याकरण चुकवायचं काय?"

त्यानंतर रोजच डोक्याला ताप सुरू झाला. ऑन द टेबल आलं, तर धराभाऊ अडून बसला. "टेबल यायच्या आधीच वर? कशाच्या वर? आपण आधी टेबल सांगतो, मग टेबलावर. हे लोक हवेत चढतात आणि मग खाली टेबल आणतात." फास्ट एकदा विशेषण निघालं, दुसऱ्या ओळीत क्रियाविशेषण निघालं. त्याने वहीतलं पहिलं खोडलं. तिने सांगितलं, दोन्ही बरोबर आहेत, खोडू नका. मग त्याने खोडलेलं पुन्हा लिहिलं आणि दुसरं खोडलं.

"अहो, दोन्ही म्हटलं ना!"

"एका खुंट्याला दोन बैल बांधायला लागलीस तर मारामारीच होणार."

वेळ नव्हता. दवाखान्यात रोज चाळीस-पन्नास जनावरं. उन्हाची झळ अशी, की पत्र्याखाली उभं राहिलं की अंगाची लाही व्हायची. बोरॅक्स-ग्लिसरीननं हात चिकट, वहीचं पान हाताला चिकटून फाटायचं. त्यातच एक दिवस पेन्शनीतले मास्तर शेळी घेऊन आले. त्यांना कुठून तरी कळलं होतं.

"काय धराभाऊ, इंग्रजी शिकताय म्हणे? मग सांगा बघू, व्हेरी कोणती जात?"

रांगेतली माणसं वळून बघायला लागली. धराभाऊला उत्तर येत होतं, सकाळीच झालं होतं. पण शेळी ओरडत होती, बाई "धरा" म्हणत होत्या आणि तोंडातून निघालं, "नाउन."

मास्तर असे हसले, की त्यांची शेळी सुटली. सगळं अंगण हसलं. धराभाऊ शेळीमागे धावला, तिला कानाला धरून आणली, तिचा जबडा उघडला आणि सबंध वेळ मान वर केली नाही. त्या दिवसापासून कोपऱ्यावरचा सायकलवाला त्याला "या नाउनशेठ" म्हणू लागला.

परीक्षेला बारा दिवस उरले होते, तेव्हा ठिणगी पडली. सुनेनं आदल्या दिवशी दहा ओळी दिल्या होत्या. दहापैकी आठ चुकल्या होत्या. तिची रात्र मशीनवर गेली होती, डोळे लाल होते. तरी ती पहिल्यापासून सांगायला लागली. वॉटर. पुन्हा वॉटर. धराभाऊ पेन्सिल तोंडात धरून म्हणाला, "नाउन."

"अहो मामंजी!" ती स्टुलावरून उठलीच. "खोड्यातल्या बैलाला एव्हाना कळलं असतं!"

आवाज बाहेर गेला. शेजारीण नळावर होती, तिची घागर भरून वाहायला लागली तरी तिने नळ बंद केला नाही. धराभाऊनं वही मिटली, तिच्यावर पेन्सिल नीट आडवी ठेवली, खुंटीवरचा सदरा घातला आणि चहा न घेता निघून गेला.

मागून बायकोचा आवाज त्याला ऐकू आला. "सासऱ्याला बैल म्हणतेस?" आणि सुनेचा, रडवेला आणि तरीही चिडलेला, "बैल नाही म्हटलं, बैलाला कळलं असतं म्हटलं!"

दोन दिवस तो शिकवणीला बसला नाही. पहाटे उठून सरळ दवाखान्यात जायचा, अंगण झाडायचा, खोड्याचे खिळे ठोकायचा. झाडताना मनात एकच यायचं. एकोणीस वर्षं ज्या दारातून आत आलो, त्या दारात महिन्याभरात दुसराच कुणी हातात चिमटा घेऊन उभा असेल. शिकलेला. व्हेरी म्हटलं की पटकन सांगणारा. आणि गाय उधळली की भिंतीवर चढणारा. विचार आला की तो झाडू जोरात मारायचा आणि धूळ त्याच्याच नाकात जायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी एक गाय बैलगाडीत घालून आणली. पहिलटकरीण, सकाळपासून अडलेली. मालक नवरा-बायको दोघंही घामाघूम. डॉक्टरीणबाईंनी हात घालून बघितला, पण बाईंचा हात आखूड. खांद्यापर्यंत गेला तरी नुसता एक खूर लागत होता.

"धराभाऊ, तुम्ही बघा."

त्याने सदरा काढला, हाताला साबण लावला आणि सांडलेल्या पाण्याच्या चिखलात डाव्या कुशीवर आडवा झाला. गाल गाईच्या मांडीला टेकला. हात आत सरकवला. गाय कळ द्यायची तेव्हा हाडावर हाड दाबलं जायचं आणि त्याचा दंड सुन्न व्हायचा. कळ ओसरली की बोटं पुढे. त्याने डोळे मिटले होते. उघडले तेव्हा त्याला फाटकाशी सून दिसली. हातात जेवणाचा डबा. सकाळी तो डबा न घेताच निघाला होता.

"पाय लागला," तो म्हणाला.

"पुढचा की मागचा?" बाईंनी विचारलं.

"मागचा. थांबा... दुसराही मागचाच. वासरू उलटं आहे, बाई. फिरवत बसायला नको. असंच काढू, पण काढायला लागलो की थांबायचं नाही."

दोर आत गेला, दोन्ही पायांना फास बसला. मालक, मालकीण आणि धराभाऊ तिघांनी कळ येईल तसं ओढलं. शेवटी वासरू चिखलात पडलं, निळसर, निपचित. धराभाऊनं त्याच्या नाकातला चिकटा बोटाने काढला, काडी घालून नाक चाळवलं, बरगड्या चोळल्या. वासरू शिंकलं. मालकीणबाई पदराने त्याचं अंग पुसायला लागल्या.

हात धुताना सून जवळ आली. डबा कट्ट्यावर ठेवला. तिच्याकडे त्याने बघितलं नाही.

"मामंजी, आत तर काही दिसत नाही. मग मागचा पाय हे कसं कळलं?"

"सांधे बघायचे. खुराच्या वरचा सांधा आणि त्याच्या वरचा. दोन्ही एकाच बाजूला वळले तर पुढचा पाय. उलटसुलट वळले तर मागचा."

"म्हणजे पुढच्याचा गुडघा..."

"गुडघा नाही बघायचा, वळतो कसा ते बघायचं!"

"पण दोन्हीकडे खूर तर सारखाच."

"अगं, खुरावर जायचंच नाही! किती वेळा सांगू?" तो खेकसला. "खूर फसवतो. शेजारी काय आहे, कुठे वळतंय, ते चाचपायचं. मग पाय आपोआप कळतो. एवढं साधं तुझ्या..."

तो थांबला. सून त्याच्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हसूही नव्हतं. शोधत असलेली किल्ली आपल्याच मुठीत सापडावी तसं काहीतरी होतं.

"माझ्या तोंडून बैल निघालं, ते चुकलं," ती म्हणाली. "पण तुम्ही उद्या बसा. मी खूरच दाखवत होते तुम्हाला."

दुसऱ्या दिवशी तिने सगळ्या पाठ केलेल्या याद्या फाडल्या. दीडशे नाउन गेले. धराभाऊला हळहळ वाटली, इतक्या दिवसांची मेहनत होती. "शब्दाकडे बघायचंच नाही," ती म्हणाली. "शेजारी बघायचं. आधी द नाही तर अ आहे का? मग नाउन जवळपास असणार. पण आधी व्हर्ब शोधायचं. ते सापडल्याशिवाय बाकी कशाला हात लावायचा नाही."

"आणि वॉटर?"

"वॉटर हा खूर आहे."

धराभाऊ वहीवर वाकला. बोट ओळीवरून हळूहळू सरकलं, एका शब्दावर थांबलं, मागे आलं, पुढे गेलं. "याच्या मागे द आहे. हे नाउन." मग बराच वेळ गेला. "आणि हे... हा माणूस काय करतोय ते सांगतंय. म्हणजे व्हर्ब."

"बरोबर."

"मग आधी असं का नाही सांगितलंस?"

"पुस्तकात असं नव्हतं!" ती ओरडली आणि मग दोघांनी एकदम दाराकडे बघितलं, शेजारीण नळावर आहे का म्हणून.

सगळं सुरळीत झालं असं नाही. ऑन द टेबलवर तो शेवटपर्यंत कुरकुरत राहिला. तीही रोज एकदा कपाळाला हात लावायचीच. पण दहातल्या सात ओळी जमायला लागल्या.

परीक्षा मोठ्या गावातल्या शाळेत होती. बाकं लहान मुलांची. धराभाऊचे गुडघे हनुवटीला लागत होते. वर्गात त्याच्यासारखेच साठ-सत्तर जण, हाताला घट्टे, पेन फावड्यासारखं धरलेलं. इंग्रजीच्या पेपरात एक ओळ होती, द वेल ड्राइड अप अँड द मेन वर्क्ड वेल. दोन वेल, दोन्हींचा अर्थ आणि जात लिहायची. शेजारच्यानं दोन्हीखाली विहीर लिहून टाकलं. धराभाऊनं आधी दोन्ही व्हर्ब शोधली. मग चाचपलं. पहिल्या वेलच्या आधी द होता. दुसरा वर्क्डच्या शेपटाला लागून होता, कसं काम केलं ते सांगत होता. एक नाउन, एक ॲडव्हर्ब. त्याला एकदम हसू फुटलं आणि पर्यवेक्षकांनी त्याला उभं केलं.

दुपारचा निगेचा पेपर आपल्याच भाषेत. सगळे निवांत होते. गाय विताना अडल्यास काय कराल, असा दहा गुणांचा प्रश्न होता. धराभाऊनं लिहिलं, "हात घालून बघतो." आणि पुढच्या प्रश्नाकडे वळला. तासाच्या पेपरात तो वीस मिनिटांत बाहेर आला.

निकाल लागला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी त्याला आत बोलावून खुर्चीवर बसवलं. एकोणीस वर्षांत त्या खोलीतल्या खुर्चीवर तो पहिल्यांदाच बसत होता, तेव्हाच त्याला शंका आली.

"इंग्रजीत पास आहात," बाई म्हणाल्या. "पन्नासपैकी बत्तीस."

"आणि?"

"निगेत अकरा. नापास."

धराभाऊला वाटलं, बाईंनी कागद उलटा धरलाय. त्याने काय लिहिलं ते सांगितल्यावर बाईंना हसू आलं, त्यांनी तोंडावर हात ठेवला. मग त्याच्या दंडावरच्या ताज्या काळ्यानिळ्या डागाकडे त्यांचं लक्ष गेलं आणि हसू मावळलं. "बरोबरच आहे हो तुमचं," त्या म्हणाल्या. "पण तिथे पाच मुद्दे हवे होते. थंडीत त्या एका पेपरची पुन्हा संधी आहे. तोवर तुमच्या जागी कुणी येणार नाही, तसं मी लिहिते."

घरी सून त्याच्यापेक्षा जास्त भडकली. "जनावरांत नापास? तुम्ही?" मुलगा हसायला लागला, तर तिने त्याच्याकडे असं बघितलं, की तो गाडी धुवायला निघून गेला. मग तिने निगेचं पुस्तक मागवलं आणि पहाटेची शिकवणी पुन्हा सुरू झाली. या खेपेला चिडायची पाळी धराभाऊची होती.

"मुद्दा एक, जागा स्वच्छ व कोरडी करावी," ती वाचायची.

"चिखलात अडली तर? आधी शेण भरत बसू?"

"मुद्दा दोन, गाईस धीर द्यावा."

"हे लिहिणाऱ्यानं गाय बघितली होती का? धीर द्यावा! कोणत्या शब्दात द्यावा?"

"मामंजी, पेपर तपासायला गाय येणार नाही. माणूस येणार आहे. त्याला पाच मुद्दे द्या आणि मोकळे व्हा."

सबंध पावसाळा तो तिच्याशी भांडला. वासराच्या चिकापासून गोठ्याच्या उतारापर्यंत प्रत्येक ओळीवर. पण थंडीत जाऊन त्याने पाचही मुद्दे लिहिले, क्रमाने, खाली रेघ मारून. गाईस धीर द्यावा, हेसुद्धा लिहिलं. लिहिताना दातओठ खाल्ले.

निकालाचं पाकीट आलं ते एका दुपारी. पोस्टमननं घरीच आणून दिलं. धराभाऊ जेवून नुकताच टेकला होता. पाकिटात एकच कागद, इंग्रजीत. सून मशीनवरून उठून आली आणि तिने हात पुढे केला.

"नको," तो म्हणाला. "मी वाचतो."

तो भिंतीला टेकून बसला. पेन्सिल घेतली. पहिली ओळ लांबलचक होती, तिच्यात कुठल्या तरी पत्राचा क्रमांक होता, तारीख होती, कुणाच्या तरी हुकमाचा संदर्भ होता. पेन्सिल एकेका शब्दाखाली थांबत पुढे सरकायला लागली. दुसरी ओळ. त्यात त्याचं स्वतःचं नाव होतं, हजेरीपटावरचं, आणि नावाच्या पुढे दवाखाना, दवाखान्याच्या पुढे एकोणीस वर्षं. पूर्णविराम कुठेच नव्हता.

बायको पिठाचे हात तसेच घेऊन दारात आली. "अहो, काय लिहिलंय?"

"वाचतोय."

"अहो, पण लागली का नोकरी?"

"थांब जरा. अजून व्हर्ब आलं नाही."

"जळलं तुमचं ते व्हर्ब! सूनबाई, तू तरी सांग ना ग!"

सून त्याच्या शेजारी भिंतीला पाठ लावून उभी होती. तिथून तिला सगळा कागद दिसत होता. तिसऱ्या ओळीपर्यंत तिचे डोळे केव्हाच पोहोचले होते. तिने हसू आवरत ओठ घट्ट मिटले, पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सासूबाईंकडे बघून नुसती मान हलवली, ती होकाराची की नकाराची हे त्यांना कळेना.

पेन्सिल तिसऱ्या ओळीला लागली.